पाल्याची मेंदी

लग्नसराईच्या ऐन तोंडावर रेखा ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. रेखा म्हणजे माझी बायको. अमरावतीत आम्ही दोघंही मेंदी काढतो, पण नाव तिचं. मी तिच्याकडूनच शिकलो. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आले, पाट्या संपल्या, आणि घरी बसून माझ्या बोटांना वेड लागायची पाळी आली तेव्हा तिने माझ्या हातात मेंदीचा कोन दिला. हाताला काम असलं की मी ठीक असतो. नसलं की पाय हलतो, नखं कुरतडली जातात, उगाच उठून फाटकापर्यंत जाऊन येतो.

रेखाने साताऱ्याच्या आणि पलूसजवळच्या अशा दोन नवऱ्यामुलींना शब्द दिला होता. दोघींनी तिची कामं मोबाईलवर पाहिली होती.

"तुमी जा," ती म्हणाली.

"तिथं बाईची वाट पाहत असतील."

"पाहू द्या. मेंदीले का समजते कोनाचा हात हाय थे?"

मग ती खुर्चीत बसून सांगत गेली आणि मी मेंदी चाळली, लिंबाच्या रसात भिजवली, निलगिरीचं तेल घातलं, कोन भरले. बर्फाच्या पिशव्यांसह सगळं थर्माकोलच्या खोक्यात बांधलं. मेंदीला उन्हाची झळसुद्धा सोसत नाही, आणि मी निघालो ते वैशाखात.

सातारा

आमच्या अमरावतीच्या उन्हातून येणाऱ्याला साताऱ्याची सकाळ म्हणजे माहेरच. डोक्यावर अजिंक्यतारा, खाली उतरत्या गल्ल्या, आणि वारा असा की शर्टाची वरची गुंडी लावावीशी वाटते. पण मला त्या वाऱ्याचं सुख घेता येईना. दारात उभा राहिल्यावर हे लोक काय म्हणतील, हेच डोक्यात.

नवरी प्राजक्ता रुग्णालयात परिचारिका होती. तिच्या वडिलांनी, एसटीतून निवृत्त झालेल्या दादांनी, दार उघडलं, 'जय भीम' केलं आणि माझ्या खांद्यावरचं खोकं स्वतःच उतरवून घेतलं.

"ताई न्हाई आल्या?"

मी हाताचं सांगितलं.

"आरारा. बरं, तुमी आधी पोटाला घ्या कायतरी."

एवढंच. मी वाटेत जी भाषणं जुळवून आलो होतो ती तशीच पोटात राहिली.

प्राजक्ता दवाखान्यातली पाळी संपवून यायची होती. तोवर काय करू? दादांनी माझा हलणारा पाय पाहिला असावा. पाट्या रंगवायचो म्हटल्यावर ते मला शेजारच्या विहारात घेऊन गेले. दारावरच्या अक्षरांचे पोपडे उडाले होते. रंगाचा डबा आला, ब्रश आला, आणि ती येईपर्यंत मी शिडीवर उभा राहून निळी अक्षरं ताजी करत होतो. कितीतरी वर्षांनी ब्रश धरला. दादा खालून म्हणत होते, "काना जरा लांबवा की. लय आखूड दिसतोय."

प्राजक्ताला नवरा-नवरीची चित्रं, डोल्या, हत्ती काही नको होतं. "मधोमध पिंपळाचं पान. बोधिवृक्षाचं. बाकी तुम्हाला सुचेल ते." तिच्या पांढऱ्या साडीवर तो रंग उठून दिसेल, हे तिने आधीच ठरवलेलं. हात पुढे करून ती बसली खरी, पण माझ्यापेक्षा बेचैन. दवाखान्यातून सारखे फोन. फोन तिच्या कानाला लावायला एक बहीण, भाकरीचा घास भरवायला आई. एकदा ती तावातावाने बोलताना हात नाचवून मोकळी झाली आणि पानाची अर्धी शीर पुसली गेली. मी ती पुन्हा काढली. आई म्हणाली, "आमच्या वेळी ह्ये न्हवतं. हळदच लागायची. मेंदी म्हंजे पंचमीला, बस्स." आमच्या वऱ्हाडातही तसंच होतं. मेंदीचा वेगळा दिवस, गाणी, फोटो, हे सगळं अलीकडचं. त्यावरच आमची चूल पेटते.

दुसऱ्या दिवशी निघताना पाहिलं, पान गडद रंगलं होतं. दादांनी कंदी पेढ्यांची पुडी हातात कोंबली.

मलकापूर ते इस्लामपूर

इथला प्रवास मी सांगितला नसता. पण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरला बस थांबली. चालक पाणी प्यायला उतरला. बसमध्ये दोन मिनिटं बसणं मला जमेना. चहाची टपरी समोरच. उतरलो, चहा हातात घेतला, गरम म्हणून फुंकर मारली आणि मान वर केली तर बस निघालेली. खोकं सीटखाली. धावलो, ओरडलो, मागच्या काचेतून एका आजोबांनी मला हात हलवून निरोप दिला.

मागच्या गाडीने इस्लामपूर गाठलं. वाहक भला माणूस. खोकं त्याने आगारात उतरवून ठेवलं होतं. फक्त ठेवलं होतं ते सिमेंटच्या बाकावर, भर उन्हात. झाकण उघडलं तर बर्फाचं पाणी झालेलं आणि कोन भाताच्या पेजेसारखे कोमट. मनगटावर एक फूल काढलं आणि एका रसवंतीच्या सावलीत बसलो. बसलो म्हणजे, उठलो, बसलो, उठलो. चांगली मेंदी असती तर काढल्यावर केशरी ठसा दिसला असता. माझ्या मनगटावर चहा सांडून पुसल्यासारखा डाग होता. संपलं.

बाजारात मेंदीची चांगली भुकटी शोधली. दुकानदाराने काळ्या कोनांची माळच पुढे केली.

"दहा मिन्टांत काळीभोर बघा. आता सगळ्या पोरी हेच नेत्यात."

ते काय असतं ते मला माहीत होतं. मी नको म्हटलं, तर तो म्हणाला, "मग पाव्हणं, घरात पाला वाटा." तो चिडून बोलला होता.

रेखाला फोन केला. तिने आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "खोटं नका सांगजा कोनाले. जे झालं ते सांगून मोकळे व्हा."

पलूसजवळ

पलूसच्या पुढे गाव लहान. दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा. मी द्राक्षं खायची म्हणून मान उंचावून पाहत होतो, तर बागा बोडक्या. शेजारी बसलेला शेतकरी हसला. "खरड छाटणी झालीया. आता द्राक्षं म्हंजे पुढच्या साली." तारांवर नुसते कापलेले बुंधे आणि त्यांना फुटलेली पोपटी पालवी.

लग्नघर जैन शेतकऱ्याचं. दारात मांडव, सोप्यात म्हणजे ओसरीत गाद्या. नवरी स्नेहल, तिचे वडील आप्पा, आणि आप्पांची थोरली बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणतं. अक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि पुढे स्नेहलची आई गेल्यावर तिनेच पोर वाढवली. फिकट लुगडं, मोकळं कपाळ, आणि आवाज असा की शेजाऱ्याची कोंबडी तिथल्या तिथं थबकावी.

रेखाने स्नेहलला हाताचं आणि मी येणार असल्याचं आधीच फोनवर सांगितलं होतं. स्नेहलने घरात सांगितलं नव्हतं.

"रेखाबाई कुठं हायत?" अक्काने माझ्या मागे पाहिलं.

"त्यांचा हात मोडलाय. मी त्यांचा नवरा. मीच काढणार."

"काय?"

"मेंदी."

अक्काने मला खालून वर पाहिलं. "गडीमाणूस? आमच्या पोरीचा हात हातात धरून?"

"अक्का, शहरात सगळीकडं असंच असतंय आता," स्नेहल म्हणाली. "मी सांगतो तुला, ऐक की."

इथल्या मुली 'मी सांगतो, मी येतो' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून कोण पुरुष बोलला ते पाहिलं होतं.

"शहरात काय बी असूदे. माज्या घरात न्हाई." अक्का माझ्याकडे वळली. "पाव्हणं, रागाला येऊ नगा. जेवा, ऱ्हावा, सकाळच्या गाडीनं जावा."

मी आप्पांकडे पाहिलं. ते टोपी काढून पुन्हा घालत होते. "अक्का म्हणंल ते."

खरं सांगतो, मनात कुठेतरी मला सुटल्यासारखं झालं. खोक्यातल्या मेलेल्या मेंदीबद्दल आता कुणाला सांगावं लागणार नव्हतं. पाटावर बसलो. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. कांदा नाही, लसूण नाही. आमच्याकडे लसणाशिवाय फोडणीला कुणी फोडणी म्हणत नाही, पण मी दोनदा आमटी मागितली. अक्का स्वतः वाढत होती. ज्याला नाही म्हटलं त्याच पाहुण्याला इतक्या मायेने वाढणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर पुन्हा तेच. काय करू? अंगणात फेऱ्या. मांडवाची सुटलेली कागदी पताका बांधली, एक खुंट ठोकला. इतक्यात स्नेहलच्या दोन चुलतबहिणी स्कूटरवरून आल्या आणि हसत आत गेल्या. हातात पिशवी. पिशवीतून काळ्या कोनांची माळ लोंबत होती.

मी अंगणातच थांबलो. माझा संबंध काय? मला तर जा म्हणून सांगितलंय. आतून आवाज आला, "टोक काप गं, जरा मोठं काप." मग मला राहवलं नाही. उंबऱ्यापाशी जाऊन ओरडलो, "थांबा! ते लावू नका!"

 अक्का पुढे आली. "आता काय झालं?"

"अक्का, ती मेंदी नाही. केस काळे करायच्या रंगातलं औषध घालतात त्यात. आमच्याकडे एका नवरीच्या बहिणीने लावली होती. फुलं काढली होती ना, तेवढ्याच आकाराचे फोड आले, उकळतं तेल सांडावं तसे. डॉक्टरकडे नेलं. फोड बसले, पण फुलांचे वळ अजून आहेत तिच्या हातावर."

चुलतबहिणीने कोन खाली ठेवला. दुसरी म्हणाली, "माज्या मैत्रिणीला तर काय झालं न्हाई."

"सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी कळत नाही."

अक्काचे डोळे बारीक झाले. "म्हंजे त्यांची वंगाळ आन् तुजी चांगली. असंच ना? तुजी खपावी म्हणून?"

मी शर्टाची बाही वर केली आणि मनगट पुढे धरलं. "माझीही गेली, अक्का. ही बघा. वाटेत ऊन लागलं. मी चहा प्यायला उतरलो म्हणून. तुम्ही हो म्हणाला असतात तरी माझ्याकडे लावायला काही नव्हतं."

स्नेहल आतल्या दाराशी उभी होती. तिचा चेहरा पडला. उद्या तिचं लग्न. कोपरापर्यंत मेंदी, त्यात नवरा-नवरी, नवऱ्याचं नाव लपवलेलं, असं तिने कधीपासून ठरवलं होतं. "म्हंजे मी कोरड्याच हातानं उभा राहू?" ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

अक्का माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मग पदर खोचला.

"मळ्यात कुपणाला मेंदी हाय. माज्या बापानं लावलेली. चला, पोती घ्या."

मेंदीचं कुंपण म्हणजे दोन पुरुष उंच वाढलेलं रान. जुन्या फांद्यांना काटे असतात हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मेंदी हाताळून मी झाड कधी ओरबाडलं नव्हतं. दंड रक्ताळले. अक्का खालून सांगत होती, "जून पाला नगं रं, शेंडे खुड. कवळे शेंडे." पहिल्यांदाच तिने मला 'रं' म्हटलं होतं.

घरी चुलतबहिणींनी पाला मिक्सरमध्ये घातला. मिक्सर गुरगुरला, धुरकट वास आला आणि बंद पडला. आत नुसता चोथा. मी पाटा-वरवंट्याकडे वळलो तर अक्का म्हणाली, "सर बाजूला. मिरची वाटाय बसला न्हाईस." तिने पाटा धुतला, पाल्यात काताचा खडा टाकला, लिंबू पिळलं आणि वरवंटा धरला.

"अक्का, हातात पिशव्या तरी घाल," आप्पा एकदम म्हणाले. सगळ्या दिवसात ते स्वतःहून एवढंच बोलले असतील.

"पिशवी घालून वाटण हुतंय व्हय?" ती मान वर न करता म्हणाली.

ती वाटत राहिली. हिरवा, ओला, मातीचा वास घरभर पसरला. माझ्या कोनांना असा वास कधी आला नव्हता. आप्पा उठून बाहेर गेले.

पाल्याची मेंदी कितीही बारीक वाटली तरी कोनातून उतरत नाही. खराट्याच्या काडीने काढावी लागते. चुलतबहिणींनी प्रयत्न केला. पहिलीच रेघ गांडुळासारखी गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा, बोटं चौकटीवर वाजत होती. अक्काने ते पाहिलं.

"तू काढ," ती म्हणाली. "पर हात धरायचा न्हाई. हात मी धरतो."

मग अशी बैठक बसली: स्नेहल पाटावर, अक्का तिच्या शेजारी, स्नेहलचं मनगट अक्काच्या मांडीवर आणि अक्काच्या हातात, आणि मी समोर काडी घेऊन.

"नवरा-नवरी जमायची नाही," मी स्नेहलला सांगितलं. "नाव पण नाही. काडीने बारीक काम होत नाही. ठिपके होतील, जाड रेघा होतील."

तिने मोकळ्या हाताने डोळे पुसले. नाक ओढलं. "मग द्राक्षं काढा," म्हणाली. "ठिपकेच असतात की त्यात."

मी तळव्याच्या मध्यापासून वेल सुरू केली. मोठी पानं, जाड बुंधा, आणि ठिपक्या-ठिपक्यांचे घड. बोटांची टोकं भरून टाकली. पाट्यांवर मोठी अक्षरं काढायचो, तसा हात चालवला. पण काडीवर गोळा जास्त आला की ठिपका फुटायचा, कमी आला की उमटायचा नाही, आणि हिरवा लगदा रंगेल की नाही याची कसलीच खात्री नव्हती. रंगली नाही तर? उद्या सासरची माणसं येणार. 

"रंगली न्हाई तर सासू वंगाळ भेटती म्हणत्यात," चुलतबहीण म्हणाली.

"गप गं." अक्काने हात हलू दिला नाही. "माजी लय रंगली हुती. काळी म्हणावी अशी. समद्या म्हणाल्या, नवरा जीव लावंल. लावला बी. पर किती दिस?" तिने स्नेहलचं मनगट जरा वळवून धरलं. "रंगाला काय कळतंय."

 मी पुढचा घड काढला.

दिवस मावळायच्या आत जेवायची या घरची रीत. उजेड असेतो स्नेहलला बहिणींनी भरवलं, मग तिचे हात जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधले.

लग्नाची सकाळ

मी सोप्यात झोपलो, म्हणजे आडवा झालो. उजाडताच आतून हाक आली. स्नेहलचे हात सोडत होते. पाणी न लावता अक्काने सुकलेला लगदा खरवडला आणि खोबरेल चोळलं. खाली केशरी वेल होती. पळसाच्या फुलासारखी केशरी, आणि घडांच्या मधल्या ठिपक्यांना आताच विटकरी छटा यायला लागली होती. दुपारपर्यंत ती आणखी गडद होणार होती. रेघा जाड होत्या, दोन ठिकाणी ठिपके एकमेकांत मिसळले होते. स्नेहल हात उजेडात फिरवून फिरवून बघत होती. मग तिने ते नाकाशी नेले आणि डोळे मिटले. "अक्का, आपल्या मळ्याचा वास येतोय गं."

मांडवात बायका जमू लागल्या. अक्का चहाचे कप वाटत होती. शेजारच्या काकूंनी कप घेतला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"अक्का, ह्ये काय? तुमच्या हाताला?"

अक्काने पदराआड हात नेला. पण आता सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही तळवे रंगले होते, आणि स्नेहलच्या हातांपेक्षा कितीतरी गडद. नखांच्या कडा तर काळपट झाल्या होत्या. एका म्हाताऱ्या बाईने मान फिरवली. कुणीतरी खोकलं. आप्पा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांची टोपी हातात होती. मेंदी रंगलेल्या विधवेला पुढच्या कार्यात कुठे उभं करायचं, याचा विचार काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसला. मला निघून जावंसं वाटलं. माझ्यामुळे झालं होतं ते.

स्नेहल आतून आली. ती काही बोलणार, त्याआधी अक्काने पदर सोडला आणि हात समोर धरून स्वतःच पाहिले. जणू पहिल्यांदाच.

"म्या वाटली," ती काकूंना म्हणाली. "वाटणारीचं हात रंगायचंच. आता काय कापून टाकू?"

"तसं न्हवं वो..."

"मग कसं?"

काकूंनी चहा प्यायला सुरुवात केली. दुसऱ्या म्हाताऱ्या बाईने आपला कप पुढे केला. "मला बी घाल जरा." अक्काने त्याच हातांनी तो भरून दिला.

मी माझं खोकं उचललं. गाडीची वेळ होत आली होती. फाटकापाशी पोहोचलो तेवढ्यात मागून हाक आली.

"आरं ए पाव्हण्या! कुठं निघालास?"

अक्का सोप्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी कालच्या लगद्याची वाटी आणि काडी. तिने डावा हात उताणा करून मांडीवर ठेवला होता. वरवंटा उजव्या हाताने जास्त दाबला जातो. त्यामुळे डावीकडची दोन बोटं कोरीच राहिली होती, आणि तळव्याच्या मध्ये रंग तुटला होता.

"ह्ये असं धड न्हाई. निम्मं ठिवू नगंस. भर ती बोटं."

मी पायरीवर बसलो. काडी बुडवली आणि तिच्या बोटावर टेकवायला गेलो, पण तिचा हात थरथरत होता. ठिपका बाजूला जाऊन पडला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

अक्का चिडली.

"आरं, धर की हात," ती म्हणाली. "हलतोय त्यो."